गोणी ऐकून घ्यायची असते

आमच्या घरात कांदा कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. गाडी रिकामी करताना एखादी गोणी फुटायची, तिच्यातला दबका कांदा मुकादम टोळीत वाटून द्यायचा, आणि दुपारी तो आप्पांच्या टॉवेलात बांधून कोपरखैरण्याला आमच्या बैठ्या चाळीत यायचा. मग कांद्याचं पिठलं, कांद्याचा झुणका, पाहुणे आले तर कांद्याची भजी. आईला शेजारणीनं विचारलं, "आज काय केलं हो?" तर ती चिडून म्हणायची, "कांद्याबिगर दुसरं काय उगवतं आमच्यात?" तो टॉवेल आप्पांचा जन्माचा सोबती. निळ्या काठाचा, जाड सुताचा. सकाळी डोक्याला गुंडाळलेला, दुपारी खांद्यावर, घाम पुसायला तोच, कांदा बांधायला तोच, आणि घरी आल्यावर बोलायचं नसलं की तोंडावर ओढून झोपायलाही तोच. आई रोज मोरीत बसून तो निळ्या साबणानं घासायची आणि रोज नाक मुरडायची. वास काही जायचा नाही. आजही मंडईत कांद्याच्या ढिगापाशी उभी राहिले की मी पिशवी विसरते आणि मला आप्पा आठवतात.

आप्पा बोलायला कमी, पण आवाज असा की चाळीच्या एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाची कुत्री उठायची. आम्ही साताऱ्याकडचे. चाळीत सगळेच तिकडचे, त्यामुळे घरात "लई" आणि "न्हाई", शाळेत "टेन्शन" आणि "सॉलिड", अशी माझी दोन तोंडं होती. आठवीत मी चांगली ताडमाड वाढले होते. आई म्हणायची, "पोरगी हाय का शेवग्याची शेंग?" आमचे पीटीचे राणे सर मात्र माझे पाय बघून खूश झाले. म्हणाले, "तू रिलेत ये."

आता आमची शाळांची लीग काय होती ते समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागातल्या सात शाळांनी मिळून एक क्रीडा संघ काढला होता. दिवाळीनंतर दर शनिवारी सकाळी एकेका शाळेच्या मैदानावर शर्यती व्हायच्या, गुण मिळायचे, आणि शेवटी ढाल. सहा शाळांना मैदानं होती, बूट होते, ग्लुकोजचं पाणी होतं. सातवे आम्ही. आमची शाळा मराठी, आणि तिला मैदानच नव्हतं. आम्ही समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सरावाला जायचो, तिथं काँग्रेस गवत, म्हशी आणि कुणाकुणाचं राडारोडा टाकणं. संघाचा एक नियम होता: लागोपाठ दोन वर्षं जी शाळा तळाला राहील तिनं बाहेर पडायचं, कारण बाहेर नव्या शाळा रांग लावून उभ्या होत्या. आदल्या वर्षी तळाला कोण होतं हे सांगायला नकोच.

मला स्वतःला सांगायचं तर लीगमधून गेलो काय, राहिलो काय, घरी फरक पडत नव्हता. फरक पडणार होता तो सुगंधाला. सुगंधा करावे गावची, तिचे वडील खाडीत मासेमारी करायचे. डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, झाकण उघडलं की अर्धा वर्ग नाक धरायचा आणि उरलेला अर्धा हात पसरायचा. मी पसरणाऱ्यांत. वळणावर तिच्यासारखी धावणारी पोरगी सातही शाळांत नव्हती, झुकून असं वळण घ्यायची की आता पडते का मग! तिच्या मोठ्या दोन बहिणी सातवीतून घरी बसल्या होत्या. हिलाही बसवायचं ठरलंच होतं, पण राणे सर गावात जाऊन तिच्या वडलांना भेटले, लीग आहे, जिल्हा आहे, नाव होईल, असं काय काय बोलले, आणि तो माणूस कसाबसा कबूल झाला. सुगंधा आम्हाला सांगायची, "माजा बापूस बोल्लाय, धावते तवर शाला. धावनं बंद, शाला बंद." हसत सांगायची. पण शाळा लीगमधून गेली तर तिचं दप्तरही गेलं, हे आम्हा चौघींना पक्कं माहीत होतं.

धावायला आम्ही बऱ्या होतो. मार खायचो तो बॅटन देण्याघेण्यात. पहिली लता, दुसरी रूपा, तिसरी सुगंधा, शेवटची मी. घेणारीनं मागं न बघता पळायला लागायचं आणि हात मागं करायचा, हे सरांनी शंभरदा सांगितलं. आम्ही शंभरदा मागं वळून बघायचो. बघितलं की पाय मंदावले, आणि दोन शाळा पुढं. सर वैतागून म्हणायचे, "अगं बायांनो, बॅटन म्हणजे मिसळीची प्लेट आहे का, तर्री बघून घ्यायला?"

एका संध्याकाळी मी आईचं लाटणं घेऊन दारात हेच घोकत होते. आप्पा ओट्यावर टेकून बघत होते. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मागं कशापायी बगतीस?"

"मग कळणार कसं, बॅटन आलं का नाही ते?"

"गोणी आली हे मला कसं कळतं?"

मार्केटात मी एकदोनदा गेले होते. गाडीच्या फाळक्याला पाठ लावून खालचा माणूस वाकून उभा राहतो, वरचा माणूस गोणी ओढून त्याच्या पाठीवर सोडतो. खालच्याला काही दिसत नाही.

"मागं वळलं की मान मोडली," आप्पा म्हणाले. "वरचा गडी हांऽऽ करतो, मंजी तयार ऱ्हा. मग घे! करतो, मंजी आली. गोणी बगून घेत न्हाईत वैशे, ऐकून घ्यायची असती."

पुढच्या रविवारी त्यांनी चौघींना चाळीच्या बोळात उभं केलं. आमची पाठ त्यांच्याकडं, डोळ्याला फडकं. भुश्यानं भरलेली एक जुनी उशी घेऊन ते मागून यायचे आणि ओरडायचे. हांऽऽ केलं की पाय सोडायचे, घे! केलं की हात मागं. पहिल्यांदा रूपा गटारात गेली. लताच्या डोक्यावर उशी आपटली. चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आई म्हणत होती, "अवं, लोकाच्या पोरी हायत, हमाली लावताय व्हय?" पण दुपारपर्यंत कमाल झाली. हांऽऽ ऐकलं की पाय आपोआप निघायला लागले, विचार करायलाच लागेना. सुगंधा तर आप्पांची इतकी हुबेहूब नक्कल करायची की ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

ती हाक आम्ही मैदानावर नेली. इतर शाळांच्या पोरी इंग्रजीत काहीतरी किंचाळायच्या, आमच्या मात्र हांऽऽ, घे! लोक हसले. वाशीच्या कॉन्व्हेंटची एक बाई आमच्या सरांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हमालांची टीम दिसते." माझे कान तापले. पण त्या शनिवारी आम्ही चौथ्या आलो, पुढच्या वेळी तिसऱ्या. तळाहून वर सरकायला लागलो. सर प्रत्येक शर्यतीनंतर बोटांवर गुण मोजायचे. दोन शनिवार उरले होते, आणि त्यांतल्या एका वेळी जरी पहिल्या तिघांत आलो तर ढालीवर नाव लागायची सोय नव्हती, पण बाहेर जाणार नव्हतो एवढं नक्की. आप्पा म्हणाले, "ह्या शनवारी मी येतो बगायला." मुकादमाला सांगून त्यांनी अर्धा दिवस सोडवून घेतला. मीच त्यांना जागा दाखवली. म्हटलं, "इथं दोरीपाशी उभे राहा आप्पा, मी इथंच बॅटन घेणार." एवढी शहाणी मी.

मैदान नेरूळचं होतं. पट्टे ताज्या फक्कीनं आखलेले. आप्पा धुतलेल्या सदऱ्यात, खांद्यावर टॉवेल, दोरीला चिकटून उभे. लता नीट सुटली, रूपानं नीट घेतलं, रूपाकडून सुगंधानं तर असं घेतलं की दुसरी शाळा मागं पडली. मी पुढं तोंड करून उभी, कान मागं. सगळं मैदान ओरडत होतं. आणि त्या आवाजातून स्वच्छ, भरदार हाक आली. हांऽऽ!

मी सुटले.

पाच पावलं, सात पावलं. मग घे! आला आणि मी हात मागं केला. हातात काही आलं नाही. पळता पळता माझ्या लक्षात आलं की तो आवाज मागून आला नव्हता, बाजूनं आला होता. दोरीपासून. समोर फक्कीची आडवी रेघ दिसत होती, तिच्यापलीकडे बॅटन घेतलं की शर्यतीतून बाद. मी पाय रोवून थांबले. सुगंधा सगळ्या वेगानं येत होती, तिला काय माहीत मी थांबणार? ती माझ्या पाठीवर आदळली, दोघी पडलो, बॅटन उडून शेजारच्या पट्ट्यात गेलं. ते उचलून मी पळाले तेव्हा पाच पोरी पुढं गेल्या होत्या. सहावा नंबर.

मी दोरीकडं बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ओझं घेऊन धावत येणारं माणूस दिसलं आणि समोर पाठ करून उभी असलेली मी दिसले, आणि वीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

सुगंधाचा गुडघा सोलपटून निघाला होता. तिनं रक्ताकडं बघितलंसुद्धा नाही. माझा दंड धरून विचारलं, "मी हाक दिलीच नव्हती. तू कशाला पलालीस? तुला कोनी हाक मारली?"

एका शब्दात सुटका होती. आप्पांनी, म्हटलं असतं की झालं. सर तिथंच उभे होते, लता-रूपा तिथंच. मी म्हटलं, "कुणी नाही. मला भास झाला."

"भास?" तिचे डोळे भरले. "तुज्या भासापायी माजी शाला जाल ना गं!"

मला तिचा राग आला नाही, मला आप्पांचा राग आला. खोटं कशाला बोलू? इतका आला की घरी जाताना बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले नाही. ते दोन बाकं मागं उभे होते, बाक रिकामं असूनही. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "काय चुकलं गं?" मी म्हटलं, "माझंच. पाय घसरला." त्यांनी मान हलवली, टॉवेल तोंडावर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. त्यांनी आदल्या दिवशी बांधून आणलेल्या कांद्याची आईनं भजी केली होती, नंबर येईल म्हणून. ताटात तशीच राहिली. आई आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाली, "कुणाची मयत झाली व्हय?"

तो आठवडा मला नको नको झाला. सर म्हणाले, ती हाक बंद करा, पुन्हा बघून घ्या. हळू झालं तरी चालेल पण पडू नका. एक दिवस तसं करून बघितलं, आम्ही इतक्या मंद झालो की म्हशीसुद्धा आमच्याकडं बघायला लागल्या. मग सर म्हणाले, वैशालीला बदला. ह्याला सुगंधाच आडवी आली. माझ्याशी बोलणं तिनं सोडलं होतं, डबा एकटी खात होती, पण सरांना म्हणाली, "हिलाच ठेवा. हाक पन तीच ठेवा. मला दुसरी जमायची नाय." मला रडू फुटलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आज ती महानगरपालिकेच्या शाळेत पीटी शिकवते आणि पोरींना माझं उदाहरण देते, ते वेगळं. पण त्या आठवड्यात तिनं मला एक भाकरीचा तुकडा दिला नाही.

आणि माझा सगळ्यात मोठा घोर वेगळाच होता. शेवटची शर्यत वाशीला होती, मार्केटपासून हाकेच्या अंतरावर. पहिल्या तिघांत आलो तरच राहणार होतो. आप्पा आले तर? पुन्हा तसंच झालं तर? येऊ नका, असं बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं? सोमवारी सांगू म्हटलं, मंगळवारी म्हटलं उद्या. गुरुवारी जेवताना तोंड उघडलं आणि खर्डा तिखट झालाय म्हणून पाणी मागितलं. शुक्रवारी आप्पाच ताटाकडं बघत म्हणाले, "उद्या मला जमायचं न्हाई. नाशकाकडच्या गाड्या येणार हायत."

मला इतकं हायसं वाटलं की मी पटकन "बरं" म्हटलं. फार पटकन. ते माझ्याकडं बघत होते आणि मी भाकरी मोडत होते. त्या "बरं"ची लाज मला अजून वाटते. माझी लेक आता उलव्याच्या शाळेत लाल रबरी ट्रॅकवर धावते आणि मला म्हणते, "आई, तू प्लीज ग्राउंडवर येऊ नकोस, तू खूप ओरडतेस." ती निदान तोंडावर सांगते.

शनिवारी वाशीच्या मैदानाला चोहोबाजूंनी गळ्याइतकी भिंत होती, भिंतीपलीकडं रस्ता. माणसं भिंतीवरून डोकावत होती. मी माझ्या जागी उभी राहिले आणि दोरीकडं बघितलं. आप्पा नव्हते. बंदूक वाजली. लता जेमतेम पाचवी होती, रूपानं एक मागं टाकली. मग सुगंधाला बॅटन मिळालं, आणि ती वळणावर आली हे मला लोकांच्या आवाजावरून कळलं. आता खरी भीती. गेल्या खेपेला कान फसले होते. आता हाक आली तर ती खरी का खोटी? पाय म्हणत होते थांब, वळून बघ, एकदाच बघ. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी वळले असते, शप्पथ सांगते, वळलेच असते.

"हांऽऽ!"

मागून आली. बारीक, चिरकी, करावे गावची. मी सुटले. दुसरा कुठलाच आवाज नव्हता. "घे!" आणि हातात बॅटन चपकन बसलं, अगदी पाठीवर गोणी बसावी तसं. पुढं काय झालं ते नीट आठवत नाही. एक पिवळ्या बनियनची पोरगी माझ्या बाजूला होती, मग ती नव्हती. मी शेवटच्या फितीवर छाती टाकली आणि तोंडावर पडले. राणे सर नाचत येत होते, तीन बोटं वर करून. सुगंधानं मला उचललं नाही, आधी पाठीत एक दणकून गुद्दा घातला, "भास झाला नाय ना आज?" आणि मग गळ्यात पडून भोकाड पसरलं. त्या दिवशी तिच्या डब्यातली अख्खी चटणी मी खाल्ली.

घरी आले तर आप्पा माझ्या आधी येऊन ओट्यावर बसले होते. गाड्यांच्या दिवशी ते रात्रीच यायचे, आणि आज दुपारी घरी? मला तेव्हा सुचलं नाही. म्हणाले, "काय झालं?"

"तिसरा. राहिलो आप्पा. सुगंधाची शाळा राहिली."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि घसा खाकरून दुसरीकडं बघायला लागले. "गाड्या लई हुत्या. येता आलं न्हाई."

मी चपला काढायला वाकले. त्यांच्या चपला दाराशी होत्या. अंगठ्यापाशी, पट्ट्यावर, टाचेला पांढरी फक्की लागलेली. त्या सकाळी वाशीच्या मैदानाच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत तिचं पोतं फुटून पसरलं होतं, आम्हीसुद्धा त्यातूनच आत गेलो होतो. मार्केटात कांद्याची टरफलं असतात, फक्की नसते. मी तशीच वाकलेली राहिले.

आत मोरीत आई कपडे घासत होती. ती एकदम ओरडली, "अवं, हे काय वो?" आणि टॉवेल दोन्ही हातांनी ताणून बाहेर आली. निळ्या काठाजवळ मधोमध तो पार चावला गेला होता. दोन्हीकडं दातांच्या ओळी उमटलेल्या, आणि मधे सूत तुटून भोक पडलेलं, बोट जाईल एवढं. "चांगला धडधाकट टावेल! कुणी कुरतडला?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. "गाळ्यात उंदरं लई झाल्यात," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो आई. वाशीचे उंदीर फार मोठे असतात. एक आज मैदानाच्या भिंतीपलीकडंपण आला होता म्हणे."

आठ दिवसांत पहिल्यांदा आप्पांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग जबड्यावरून हात फिरवत म्हणाले, "लई दुखतंय गं," आणि सरकून ओट्यावर मला जागा केली.